आधी तुसडेपणा आला, थकवा नंतर

बर्नआउट म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो रात्रंदिवस राबून एक दिवस कोसळलेला माणूस. माझं तसं काही झालं नाही. कामं वेळेत जात होती, मीटिंगला मी हजर असायचे, वार्षिक मूल्यमापनात माझ्या नावापुढे 'विश्वासार्ह' असा शेराही होता. फक्त माणसं नकोशी झाली होती.

माझी जागा मधल्या फळीतली. हाताखाली दहा-बारा जणांची टीम, वर विभागप्रमुख, त्यांच्याही वर आणखी दोन पायऱ्या. टीममधला एक मुलगा अधूनमधून येऊन विचारायचा, "मॅडम, पाच मिनिटं आहेत का?" आणि माझ्या मनात पहिलं वाक्य उमटायचं, आता याचं काय रडगाणं? एकदा तो सांगायला आला होता की बरेच महिने अभ्यास करून दिलेली परीक्षा तो पास झाला. मी "अरे वा, छान" म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. तो जरा घुटमळला आणि गेला. मला वाटलं ते हायसं, की पाच मिनिटं मागितली होती आणि एकातच आटोपलं.

थकवाही होता, पण या पदावर तो असायचाच असं मी धरून चालले होते. झोप लागायची, पहाटे मात्र जाग यायची आणि त्या दिवशीच्या मीटिंगा डोक्यात सुरू व्हायच्या. याला मी 'जबाबदारी' म्हणत होते. खरी शंका आली ती सेंट आयटम्समुळे, म्हणजे मी पाठवलेल्या मेलांच्या फोल्डरमुळे.

एका जुन्या निर्णयाचा मेल शोधत होते. शोधता शोधता दोनेक वर्षांपूर्वीचे माझेच मेल वाचत बसले. "कालचं प्रेझेंटेशन चांगलं झालं, प्रश्नोत्तरं तर तू फारच नीट हाताळलीस. तिसरी स्लाइड जरा गच्च वाटते, उद्या बसू या." अशा धर्तीचे. मग खाली सरकत अलीकडच्या महिन्यांत आले. "पाहिलं." "नोटेड." "संध्याकाळपर्यंत हवं." "हे आधी सांगितलं होतं." नावाने सुरुवात नाही की शेवटी दोन बरे शब्द नाहीत. आणखी एक गोष्ट दिसली. वर जाणारे मेल मात्र लांबत गेले होते. तीन परिच्छेदांची प्रस्तावना, मग मुद्दा, मग तोच मुद्दा पुन्हा, शिवाय सीसीमध्ये गरज नसलेली चार नावं. खाली तुटक, वर लांबण. हाताखालच्यांवर भरवसा उरला नव्हता आणि वरच्यांची धास्ती वाढली होती, हे एखाद्या प्रश्नावलीने सांगितलं नसतं इतक्या स्वच्छपणे त्या फोल्डरने सांगितलं. आपलं काय चाललंय असा प्रश्न पडलेल्या कुणालाही मी हाच उपाय सुचवते. ध्यानधारणेचं ॲप नंतर, आधी सेंट आयटम्स वाचा.

त्यानंतर मी थोडं वाचलं. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली या अवस्थेवर लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यांत काम करणाऱ्यांना पाहून. आपणहून, तळमळीने आलेली माणसं साधारण वर्षभरात चिडखोर, संशयी आणि कडवट होत होती. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी तपासतात. भावनिक दमणूक, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर झालेल्या आजारांच्या नव्या वर्गीकरणातही साधारण हीच तीन लक्षणं ठेवली, आणि बर्नआउट हा आजार नसून कामाशी निगडित स्थिती आहे असं स्पष्ट केलं. कामाच्या ठिकाणचा, दीर्घकाळ चाललेला आणि नीट हाताळला न गेलेला ताण, अशी ती व्याख्या. हाताळायचा कुणी होता, त्याबद्दल मात्र व्याख्या गप्प आहे. असो.

माझ्या बाबतीत क्रम उलटा होता हे तेव्हा समजलं. मी दमणुकीकडे लक्ष ठेवून होते आणि कोरडेपणा मागच्या दाराने शिरला. आजूबाजूच्या मॅनेजर मंडळींकडे पाहून मला वाटतं की मधल्या फळीत हे बऱ्याचदा असंच होत असावं. थकलेलं दिसण्याची आम्हाला सोय नसते. वर उत्साही दिसायचं, खाली धीराचं दिसायचं. मग थकवा दाबला जातो आणि स्वभावाच्या वाटेने बाहेर पडतो. लोक म्हणतात, "हल्ली फार खडूस झाल्यात." त्यात निदान असतं, पण ते तुमच्यापर्यंत पोचत नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, आधी रक्त तरी तपास. उगाच वाचून वाचून ठरवू नकोस." बरोबरच होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टर बाईंनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12 आणि साखर तपासायला सांगितली, घोरते का, दिवसा पेंग येते का, तेही विचारलं. रिपोर्ट ठीक आले. एखादी गोष्ट किंचित कमी होती, पण सगळं खापर तिच्यावर फोडावं इतकी नाही. मग त्यांनी विचारलेले प्रश्न माझ्या कायम लक्षात राहिलेत. "सुट्टीच्या दिवशी कसं वाटतं? आवडीच्या गोष्टीत मन रमतं? मैत्रिणी भेटल्या तर बरं वाटतं की तेही नको वाटतं? जगायचंच नको, असं कधी मनात येतं का?" शेवटचा प्रश्न त्यांनी बाकीच्यांच्याच सुरात, सरळ विचारला. माझं उत्तर नाही होतं. त्या म्हणाल्या, "ऑफिसचा विषय निघेपर्यंत तुम्ही हसत होतात. नैराश्य सहसा असं ठिकाण पाहून येत नाही, ते सगळीकडे पसरतं. पण या दोन्हींची सरमिसळ होते, एकातून दुसऱ्यात जाताही येतं. तेव्हा घरी बसून ठरवू नका, समुपदेशकाला भेटा."

समुपदेशक बाई पूर्वी मोठ्या संस्थांत मनुष्यबळ विभागात होत्या, त्यामुळे त्यांना मूल्यमापन, हेडकाउंट, एस्कलेशन हे शब्द समजावून सांगावे लागले नाहीत. हे नशीबच. त्यांनी मला वहीत चार रकाने आखायला लावले. पहिल्यात काम किंवा प्रसंग, मग 'कुणी ठरवलं', 'कुणी सांगितलं' आणि 'कुणी निस्तरलं'. काही आठवडे रोज संध्याकाळी जे डोक्यात घोळत असेल तेवढंच भरायचं.

पहिल्याच पानावर चित्र दिसायला लागलं. नवी हजेरी पद्धत: ठरवलं वरच्यांनी, सांगितलं मी, निस्तरलं मी. ग्राहकाला दिलेली तारीख: ठरवलं विक्री विभागाने, सांगितलं मी, निस्तरलं टीमने आणि मी. रिकामी जागा न भरणं: ठरवलं वित्त विभागाने, सांगितलं मी, निस्तरलं टीमने. शेवटच्या दोन रकान्यांत माझं नाव भरभरून, पहिल्यात जवळजवळ नाहीच.

आणि मग एक नोंद अशी होती की तिच्यापाशी पेन अडलं. मूल्यमापनाच्या हंगामात माझ्या टीममधल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना मी वरची श्रेणी दिली होती, कारणांसह. विभागांची श्रेणी एका ठरावीक प्रमाणात बसवण्याच्या बैठकीत ती एक पायरी खाली आली. त्यांचं काम कमी होतं म्हणून नव्हे, वरच्या श्रेणीचा आमच्या विभागाचा कोटा संपला होता. वरून सूचना होती की श्रेणी मॅनेजरने स्वतःचा निर्णय म्हणूनच सांगायची, बैठकीचा उल्लेख करायचा नाही. मी बंद खोलीत त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या कामात सुधारणेला कुठे वाव आहे हे सांगितलं. ते मुद्दे मी आदल्या रात्री शोधून काढले होते. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "हे तुम्हाला खरंच वाटतं का?" मी म्हणाले, "प्रक्रियेत सगळ्या बाजू पाहिल्या जातात." आपल्याच तोंडून असलं वाक्य ऐकणं फार विचित्र असतं.

समुपदेशक बाईंनी ती नोंद वाचून विचारलं, "यानंतर त्यांच्याशी बोलणं कमी झालं का?" झालं होतं. मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझ्या तुसडेपणाचा बराचसा उलगडा झाला. ज्यांच्याशी आपल्याला खोटं बोलावं लागतं, त्यांना आपण टाळायला लागतो. टाळता येत नसेल तर मनातून त्यांची किंमत कमी करतो, म्हणजे बोचत नाही. तसं अनेकदा केलं की सवय लागते आणि मग पेढी बंद झाल्यासारखं सगळ्यांनाच दार लागतं.

संशोधनात हे सगळं जुनंच आहे. रॉबर्ट कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्येच दाखवलं होतं की एकाच माणसाकडून दोन बाजू परस्परविरोधी अपेक्षा ठेवतात तेव्हा त्याची ताणाने काय अवस्था होते. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलं की नुसत्या कामाच्या बोजाने माणूस तितका पिचत नाही. बोजा भरपूर आणि निर्णयाचा अधिकार तुटपुंजा, हा मेळ वाईट. 2017 मध्ये एरिक ॲनिसिच आणि जेकब हर्श यांनी मधल्या सत्तेच्या मानसशास्त्रावर लिहिताना दिवसभर वरच्यांपुढे कनिष्ठ आणि खालच्यांपुढे वरिष्ठ अशी भूमिका सतत पालटावी लागण्याकडे बोट दाखवलं. सकाळी दहाला मी कुणाची तरी साहेब, साडेदहाला कुणाची तरी हाताखालची, अकराला पुन्हा साहेब. मृदंगाला दोन्हीकडून मार, तशीच मधल्या फळीची गत.

याच सुमारास आमच्याकडे 'मानसिक लवचिकता' या विषयावर कार्यशाळा झाली. सक्तीची. जेवणाच्या सुट्टीत. श्वासाचे व्यायाम, कृतज्ञतेची वही, 'नाही म्हणायला शिका'. प्रशिक्षक मनापासून शिकवत होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. श्वासाचा व्यायाम मी अजूनही करते, अवघड मीटिंगआधी उपयोग होतो. पण कोट्यामुळे बदललेली श्रेणी स्वतःची म्हणून सांगायची असेल तर कितीही खोल श्वास घेतला तरी वाक्य तेच राहतं. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी माणूस आणि काम यांचं कुठे बिनसतं याच्या सहा जागा सांगितल्या आहेत: कामाचा बोजा, हातातलं नियंत्रण, मोबदला आणि दाद, आपसातले संबंध, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. सहापैकी कुठलीही जागा माणसाच्या फुप्फुसात नाही. मी त्यांच्यापुढे स्वतःच्या खुणा करून पाहिल्या, तर बोजा चौथ्या क्रमांकावर आला. सगळ्यात वर नियंत्रण आणि न्याय. सुट्टीचा उपयोग का होत नव्हता तेही मग कळलं. आठवडाभर रजा घेऊन आले की मरगळ जायची, परतल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पुन्हा होते तिथेच. रजेने बोजाची थकबाकी फिटते, अन्यायाची नाही.

विभागप्रमुखांशी बोलायला मी पुष्कळ तयारी केली. बर्नआउट हा शब्द वापरायचा नाही हे ठरवून गेले, कारण तो उच्चारला की चर्चा माझ्या प्रकृतीकडे वळते आणि "थोडे दिवस आराम करा" इथे संपते. रकान्यांचा कागद पुढे ठेवला आणि तीन गोष्टी मागितल्या. माझ्या टीमबद्दलचा निर्णय वर होत असेल तर तो कारणासह मला आधी कळावा, आणि 'हा निर्णय माझा नाही' असं टीमला सांगायची मुभा असावी. रजा, कामाच्या पाळ्या आणि ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च माझ्या सहीने व्हावा. तिसरी, एकच माहिती तीन वेगवेगळ्या साच्यांत भरून द्यावी लागते, ते साप्ताहिक रिपोर्ट एक व्हावेत.

ते बराच वेळ कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "पहिला रकाना मी भरायला घेतला तर माझं तरी नाव किती ठिकाणी येईल असं तुम्हाला वाटतं?" मला त्या उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यांचीही एक मधली पायरी होती, फक्त माझ्यापेक्षा वरची. रजा आणि खर्चाच्या सह्या त्यांनी त्याच आठवड्यात माझ्याकडे दिल्या. रिपोर्टचं "बघू" म्हणाले. श्रेणीबद्दल म्हणाले, "लेखी काही देता येणार नाही. पण तुम्ही असहमती नोंदवा, ती इतिवृत्तात येईल एवढं मी पाहतो."

सह्यांची गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. पण कुणी "उद्या लवकर निघू का?" विचारलं की "विचारून सांगते" ऐवजी "जा" म्हणता येणं, याने दिवसाचा पोत बदलतो. विचारणाऱ्याला उत्तर मिळतं, आणि आपण नुसत्या टपाल पोचवणाऱ्या नाही हे आपल्यालाही कळतं.

बाकी बदल मी माझ्या हातातले केले. टीममधल्या एकेकाशी होणाऱ्या बैठका पूर्वी एकाच दुपारी एकापाठोपाठ एक असत. चौथ्या माणसापर्यंत माझ्याकडे ऐकायला कान उरत नसत. आता दिवसाला दोनच, आणि मध्ये मोकळी वेळ. संध्याकाळनंतर मेल लिहिलाच तर तो सकाळी जाईल असा लावून ठेवते, आणि खरी तातडी असेल तर फोन करायचा हे टीमला सांगून ठेवलं. फोन फार क्वचित येतात. तातडीचा बहुतेक भाग चॅटच्या खिडकीत जन्मतो आणि तिथेच मरतो. झाबिने झोनेनटाग या जर्मन संशोधक बाईंनी दाखवलंय की कामानंतर सावरायला नुसतं घरी असणं पुरत नाही, मन कामातून सुटावं लागतं. माझं मन सुटतं ते निघण्याआधी उद्याचं पहिलं काम कागदावर लिहिलं की. पहाटेची जाग पूर्ण गेली नाही, पण आता मीटिंगांची उजळणी होत नाही.

तिसरं लक्षण, आपल्या हातून काही होत नाही हे वाटणं, याला मॅनेजर विशेष बळी पडतात. दिवसभर बोलून, जुळवून, समजूत घालून संध्याकाळी दाखवायला काहीच नसतं. काम दुसऱ्यांच्या हातून झालेलं, श्रेय त्यांचं, आणि तसंच असायला हवं. मी आठवड्यातून थोडा वेळ स्वतःच्या हाताने करायचं एक छोटं काम ठेवलं, टीमच्या वाटेत न येणारं. जुन्या, कुणी हात न लावलेल्या नोंदींची साफसफाई. ते संपताना दिसतं. त्यातलं सुख ज्याला कळायचं त्याला कळेल.

आमच्याच पातळीवरच्या चार-पाच मॅनेजरांशी दर पंधरवड्याला बसणं सुरू केलं, कुणाच्याही टीमबद्दल नावानिशी बोलायचं नाही या अटीवर. पहिल्याच वेळी कळलं की खोट्या श्रेणीचं वाक्य प्रत्येकाने म्हटलंय, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच ते लागतंय, बाकीचे सराईत आहेत.

आता नव्याने टीम लीड झालेल्यांकडे माझं लक्ष असतं. जो उशिरापर्यंत थांबतो त्याची मला तितकी काळजी वाटत नाही. जो बैठकीत हरकत घेणं सोडतो, त्याची वाटते. पूर्वी वाद घालणारा माणूस "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागला, त्याचे विनोद आंबट झाले, टीममधल्यांचा उल्लेख 'ही पोरं' असा व्हायला लागला, की मी त्याला गाठते. "बरा आहेस ना?" असं विचारत नाही, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. "सध्या तुझ्या नावावर कुठला दुसऱ्याचा निर्णय चाललाय?" असं विचारते. यावर लोक खुर्ची ओढून बसतात.

यंदाच्या श्रेणीच्या बैठकीत कोट्यामुळे पुन्हा एक नाव खाली आलं, या वेळी दुसऱ्याच एकाचं. मी असहमती नोंदवली, ती इतिवृत्तात आली, श्रेणी बदलली नाही. नंतर त्याला समोर बसवून सांगितलं, "मी वरची श्रेणी दिली होती, बैठकीत ती उतरली. मला हे पटलेलं नाही आणि मी तसं नोंदवलंय." तो चिडला, साहजिकच. "मग मी कुणाशी बोलू?" म्हणाला. विभागप्रमुखांबरोबर आम्हा दोघांची वेळ ठरवली. त्या भेटीतून बढती निघाली नाही, पण पुढच्या वर्षीचे निकष लेखी मिळाले, आणि दोन दिवसांनी तो नेहमीसारखा दुसऱ्याच एका कामाची अडचण घेऊन माझ्याकडे आला.

साप्ताहिक रिपोर्ट अजून तीनच आहेत. विभागप्रमुखांचं 'बघू' चालू आहे. पुढच्या महिन्यातल्या आढाव्यात कागद पुन्हा पुढे ठेवणार आहे.